संगीताच्या कामासाठी बाहेरची हार्ड डिस्क: आधी हिशोब, मग पोर्ट, शेवटी दुकान

वडगावातल्या आमच्या खोलीवजा स्टुडिओत लोक येतात ते डिस्क विकत घेऊन झाल्यावरच. "एक टीबीची घेतलीय, तरी गाणं अडकतंय बघा की." बघावं तर डिस्क उत्तम असते, केबल मात्र मोबाईलच्या चार्जरची. नाहीतर केबल बरोबर असते, पण एसएसडी (चिपवर साठवणारी, आत काही न फिरणारी डिस्क) लागते तिथं फिरणारी हार्ड डिस्क लावलेली असते. आणि साध्या हार्ड डिस्कवर भागलं असतं तिथं महागडी एसएसडी नुसती फाईली सांभाळत पडलेली असते.

चूक वस्तूत कमी आणि क्रमात जास्त असते. आधी दुकान, मग घरी येऊन पोर्ट बघणं, मग सगळं कॉपी करणं, आणि काहीतरी बिघडल्यावर तपासणी. खाली तो क्रम उलटा केला आहे. भजनी मंडळ, झांजपथक, बेंजो पार्टी, चौंडकं-संबळाची गाणी असलं काम घरच्या लॅपटॉपवर करणारे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. मॉडेलची नावं सांगणार नाही, ती दर सहा महिन्यांनी बदलतात.

पायरी १: डिस्क कोणतं काम करणार ते ठरवा

संगीतात डिस्कला तीन वेगवेगळी कामं असतात.

पहिलं, चालू काम: ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग. दुसरं, आवाजांच्या लायब्ररी: पियानो, तंतुवाद्यं, तबला, ऑर्केस्ट्रा असे सॅम्पल (आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले सूर), जे वाजवता वाजवता डिस्कवरून उचलले जातात. तिसरं, साठवण: झालेल्या कामाची प्रत.

तिन्हींची मागणी वेगळी असते, आणि ती का वेगळी हे एकदा आकड्यांत बघितलं की दुकानदाराच्या बोलण्यात अडकायला होत नाही.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक ३ बाइटचा, तेव्हा ४८,००० गुणिले ३, म्हणजे १,४४,००० बाइट होतात. मिनिटाला ८.६४ एमबी, तासाला साधारण ५१८ एमबी. पखवाजाला दोन माइक, पेटी, वीणा, टाळकऱ्यांना चार, बुवांना एक, मागं कोरसला काही, असे १६ ट्रॅक एकदम घेतले तरी सेकंदाला २.३ एमबीच लिहायचे असतात. जुनं यूएसबी २.० सुद्धा सेकंदाला ३० ते ४० एमबी सहज देतं. म्हणजे नुसत्या ध्वनिमुद्रणासाठी वेगाचा प्रश्नच नाही. खोक्यावरचे "१०५० एमबी प्रति सेकंद" हे आकडे या कामाला लागतच नाहीत.

आता लायब्ररीकडं या. तुम्ही पॅडल दाबून पियानो वाजवताय, सोबत तंतुवाद्यांचा थर आहे, एका वेळी २०० आवाज चालू आहेत. कॉन्टॅक्टसारखा सॅम्पलर (असे सॅम्पल वाजवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात मेमरीत ठेवतो आणि उरलेलं डिस्कवरून तुकड्यातुकड्यानं ओढतो. तुकडा ६४ केबीचा धरला तर एका स्टिरिओ आवाजाला तो पाव सेकंदही पुरत नाही. २०० आवाजांना मिळून सेकंदाला पावणेनऊशेच्या आसपास तुकडे लागतात, आणि तेही डिस्कवर वेगवेगळ्या जागी पडलेले. फिरणाऱ्या हार्ड डिस्कची सुई एका जागेवरून दुसरीकडं जाऊन तबकडी योग्य जागी फिरून येईपर्यंत १२ मिलिसेकंद तरी जातात. म्हणजे सेकंदाला ८० च्या आसपास उड्या. पावणेनऊशे मागितले, ऐंशी मिळाले. गाणं अडकतं ते इथं. एसएसडीला हीच उडी मारायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो.

मिक्सिंगला मात्र हार्ड डिस्क चालते, कारण सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकचा बऱ्यापैकी मोठा तुकडा आधीच वाचून ठेवतं. ४० ट्रॅक असले आणि प्रत्येकाचा एक सेकंद एका वेळी उचलला तर सेकंदाला ४० उड्या. जमतं. पण सगळीकडं बारीक बारीक कापाकापी केलेली असेल, तर उड्या वाढतात आणि तीच डिस्क धापा टाकायला लागते.

तेव्हा लायब्ररी एसएसडीवरच. चालू काम शक्यतो एसएसडीवर, पैसे कमी असतील तर मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कवर. साठवण हार्ड डिस्कवर, तिथं एसएसडीचे पैसे घालवू नका.

*तपासा:* तुम्ही सॅम्पल लायब्ररी वापरता का? फक्त माइकसमोरचं काम असेल तर तुमचा खर्च आत्ताच निम्मा झाला.

पायरी २: जागेचा हिशोब कागदावर करा

"एक टीबी घ्या, भरपूर होतं" हे उत्तर नव्हे. हरिनाम सप्ताहाचं उदाहरण घेतो, कारण आपल्याकडं हे काम सगळ्यात जास्त फसतं. १६ ट्रॅक, रोज तीन तास कीर्तन, सात दिवस. तासाला ८.३ जीबी, दिवसाला २५, सप्ताहाला जवळपास १७५ जीबी. सॉफ्टवेअर ३२ बिट फ्लोटवर (प्रत्येक नमुना ३ ऐवजी ४ बाइटचा) असेल तर एक तृतीयांश वाढवा, २३२ जीबी. ही झाली कच्ची फाईल. मिक्सिंगमध्ये ट्रॅक रेंडर करता, दुरुस्तीच्या प्रती होतात, म्हणून दीडपट धरा.

स्टुडिओतल्या गाण्याचा हिशोब वेगळा. पाच मिनिटांचं गाणं, ४० ट्रॅक, पावणेदोन जीबीच्या आत. पण एकाच ओळीचे सहा टेक घेतो आपण, आणि एकही पुसत नाही. गाण्याला सहा-सात जीबी धरून चला.

लायब्ररीची जागा त्या त्या कंपनीच्या पानावर लिहिलेली असते. एखादी मोठी ऑर्केस्ट्रा लायब्ररी १०० जीबीच्या वर जाते. एक गोष्ट मात्र तिथं बारीक अक्षरात असते: उतरवलेली दाबलेली फाईल आणि उलगडलेली लायब्ररी दोन्ही काही वेळ एकत्र राहतात, म्हणजे बसवताना जवळजवळ दुप्पट जागा लागू शकते. अर्ध्या वाटेत "जागा संपली" असा निरोप आला की रात्रभराचं डाउनलोड वाया.

आलेल्या बेरजेत वीस टक्के मोकळी जागा मिळवा. एसएसडी काठोकाठ भरली की लिहायला मंदावते. आणि एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दुकानदारानं फसवलेलं नसतं, मोजायची पद्धत वेगळी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.

पायरी ३: लॅपटॉपचा पोर्ट वाचा

दुकानात जायच्या आधी लॅपटॉप उलटापालटा करून बघा. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या पानावर पोर्टची यादी काढा. पोर्टच्या रंगावर फार भरवसा ठेवू नका, निळा बहुतेकदा यूएसबी ३ चा असतो, पण काळा असून ३ चा निघालेला पोर्टही मी बघितलाय.

नावांचा घोळ एकदाच समजून घ्या. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच पोर्टची नावं: ५ गिगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ४०० एमबीच्या पुढंमागं. जेन २ म्हणजे १० गिगाबिट, प्रत्यक्षात हजार एमबीच्या आसपास. "जेन २ गुणिले २" म्हणजे २० गिगाबिट, पण ते बहुतेक लॅपटॉपवर मिळत नाही आणि तिथं ती महागडी डिस्क मुकाट्यानं १० वर चालते. थंडरबोल्ट ३ आणि ४ चे ४० गिगाबिट. टाईप-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. त्यामागं यूएसबी २.० सुद्धा असू शकतं.

तुमचा पोर्ट ५ गिगाबिटचा असेल तर साध्या साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीच्या) एसएसडीच्या वरचे पैसे देऊ नका. संगीताला तेवढा वेग पुरून उरतो, मोठ्या लायब्ररीलासुद्धा.

पोर्ट किती आहेत तेही मोजा. ऑडिओ इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) एक, डिस्कला एक, सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली, म्हणजे डोंगल, असेल तर एक. डिस्क आणि इंटरफेस एकाच बिन-अडॅप्टरच्या हबवर लटकवायचे नाहीत. दोघंही लॅपटॉपकडूनच वीज मागतात, आणि फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला इंटरफेसकडून जाणारी वीज) चालू केली की डिस्क मध्येच गायब होते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना त्यातला बराचसा लागतो.

*सावधान:* यूएसबी ३ च्या डिस्का आणि केबली २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतात. २.४ च्या कॉर्डलेस माइकचा रिसीव्हर किंवा माऊसचा डोंगल डिस्कला खेटून ठेवलात तर आवाज तुटतो, आणि लोक माइक बदलत बसतात. हातभर अंतर ठेवा.

पायरी ४: विजेचा विचार करून प्रकार निवडा

पुण्या-मुंबईच्या माणसानं लिहिलेल्या सल्ल्यात हा भाग नसतो, म्हणून इथं जरा थांबतो.

टेबलावरची मोठी, साडेतीन इंची हार्ड डिस्क स्वस्त पडते, जागाही खूप. पण तिला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला झाड पडलं की लाईट गेलीच. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, इंटरफेस लॅपटॉपवर चालू राहतो, आणि डिस्क तेवढी जागच्या जागी मरते. सॉफ्टवेअर लिहितच असतं, पण लिहायला जागा नसते. देवळात बुवांचा अभंग रंगात आलेला असताना माझं हे झालंय. चूक माझी, यूपीएस गाडीतच राहिलं होतं. ती फाईल मागून अर्धी निघाली. अर्धीच.

म्हणून ध्वनिमुद्रणाची डिस्क अशी घ्या जी लॅपटॉपच्या केबलवरच चालते: अडीच इंची किंवा एसएसडी. साडेतीन इंची घरात, यूपीएसवर, फक्त साठवणीला.

देवळात, मांडवात, गणपतीच्या मंडपात जायचं असेल तर एसएसडीच. फिरणारी डिस्क चालू असताना हलली किंवा पडली तर सुई तबकडीला घासते. ढोल-ताशाच्या किंवा बॉक्सच्या दणक्यानंही तिचं लिहिणं-वाचणं अडखळतं, म्हणून ती स्पीकरच्या खोक्यावर ठेवू नका. बंद असताना ती एसटीतून कोल्हापूरला गेली तरी फारसं काही होत नाही. नडतं ते चालू असताना हलवणं. शिवाय तिची घरघर. कंडेन्सर माइक लावून वीणेचा बारीक झंकार घ्यायला बसलात की ती ऐकू येते.

पायरी ५: खोक्यावर न लिहिलेल्या दोन गोष्टी विचारा

हार्ड डिस्क असेल तर विचारा, सीएमआर की एसएमआर? सीएमआरमध्ये तबकडीवरच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये तबकडीवरच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच तिथं जुन्या जागी नवं लिहायला आजूबाजूचं पुन्हा लिहावं लागतं. सुरुवातीला कळत नाही, पण डिस्क भरत आली की लिहिणं रांगायला लागतं. बाजारातल्या अडीच इंची पोर्टेबल डिस्कांपैकी बऱ्याच एसएमआर असतात. साठवणीला चालतील, रोजच्या कामाला नकोत.

एसएसडी असेल तर विचारा, टीएलसी की क्यूएलसी? म्हणजे चिपच्या एका कप्प्यात तीन बिट कोंबलेत की चार. क्यूएलसी स्वस्त असते. तिच्यात आधी एक छोटा वेगवान भाग भरतो आणि तोवर आकडे झकास दिसतात. तो भरला की वेग धाडकन खाली येतो, कधी हार्ड डिस्कपेक्षाही खाली. लायब्ररी एकदा टाकून वर्षभर वाचत राहायची असेल तर क्यूएलसी चालते, वाचताना ती बरी असते. रोज मोठ्या फाईली लिहायच्या असतील तर टीएलसी.

दुकानदाराला दोन्ही माहीत नसण्याची शक्यता जास्त. त्याच्यावर चिडू नका. मॉडेल नंबर घ्या, बाहेर येऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, मग परत आत जा.

सुटी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणीची) एसएसडी आणि वेगळं कव्हर घेऊन स्वतः जोडण्याचा मार्गही चांगला आहे. स्वस्त पडतो आणि पुढं एसएसडी बदलता येते. तीन गोष्टी जुळवा: एसएसडीची लांबी (बहुतेक २२८०, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब), कव्हर एनव्हीएमईचं आहे की साटाचं, आणि कव्हर धातूचं आहे का. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत प्लॅस्टिकच्या कव्हरातली एनव्हीएमई इतकी तापते की स्वतःच वेग कमी करून घेते.

*सावधान:* "१६ टीबी एसएसडी" हजार-दोन हजारांत दिसली तर ती डिस्क नव्हे. आत एखादं लहान मेमरी कार्ड असतं आणि त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. विंडोजमध्ये १६ टीबी दिसते, कॉपीही होते. खरी जागा संपली की नवी फाईल जुनीवर चढते, आणि तुम्हाला पत्ता लागतो तो महिन्यांनी.

पायरी ६: खरेदी

इथं थोडकंच. पक्कं बिल घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि दुकानातच मोबाईलवर कंपनीच्या पानावर तो नंबर टाकून वॉरंटी दिसते का बघा. बेळगावात, कोल्हापुरात की हुबळीत घेतली यानं वॉरंटीत फरक पडत नाही. पाहुण्यानं आखातातून आणलेलीचं मात्र विचारून घ्या, तिची वॉरंटी इथं लागू असेलच असं नाही. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतली गाणी नाही.

केबल खोक्यातली हवी. ती हरवली तर वेग लिहिलेली नवी घ्या. चार्जिंगच्या टाईप-सी केबलींत बहुतेकदा यूएसबी २.० च्याच तारा असतात. डिस्क चालते, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

पायरी ७: रिकामी असतानाच तपासा

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. डिस्क घरी आली की हात शिवशिवतात, दुसऱ्या मिनिटाला कॉपी सुरू. थांबा. परत करायची मुदत चालू आहे तोवरच तपासणीला अर्थ आहे.

१. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडा. नव्या डिस्कचे चालू तास शून्याच्या जवळ हवेत. शेकडो तास दिसले तर ती कुणीतरी वापरून परत केलेली आहे. "रिअलोकेटेड" (खराब म्हणून बदललेल्या) आणि "पेंडिंग" (खराब असल्याचा संशय असलेल्या) सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या बारीक जागांचे, आकडे शून्य हवेत.

२. एचटूटेस्टडब्ल्यूनं पूर्ण डिस्क भरून परत वाचून घ्या. मॅक आणि लिनक्सवर यासाठी एफथ्री आहे. खोटी डिस्क इथं उघडी पडते. एक टीबीची हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीनं लिहिली तर लिहायलाच पावणेतीन तास, वाचायला तेवढेच. रात्री लावून झोपा. एसएसडीला दोन तासांच्या आत उरकतं.

३. क्रिस्टलडिस्कमार्कनं वेग बघा, मॅकवर ब्लॅकमॅजिकचं डिस्क स्पीड टेस्ट. आकडा ४० च्या आसपास अडकला तर डिस्कला शिव्या देऊ नका. केबल किंवा पोर्ट यूएसबी २.० चा आहे.

४. शंभरेक जीबीची खरी फाईल एका दमात कॉपी करा आणि आलेख बघत बसा. कुठं कोसळतो ते कळलं की डिस्कचा खरा स्वभाव कळला.

*तपासा:* चारही झाले? बिल आणि खोकं जपून ठेवलं? मग पुढं.

पायरी ८: फॉरमॅट, मगच फाईली

हा निर्णय नंतर बदलायचा तर सगळं पुसावं लागतं, म्हणून आधी. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. फक्त मॅक असेल तर एसएसडीला एपीएफएस, फिरणाऱ्या डिस्कला मॅक ओएस एक्स्टेंडेड. घरी विंडोज आणि मिक्सिंग कोल्हापुरातल्या कुणाच्या मॅकवर, असं असेल तर देण्याघेण्याच्या डिस्कला एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटला मात्र स्वतःची नोंदवही नसते. लिहिता लिहिता केबल निघाली तर एखादी फाईलच नव्हे, अख्खी यादी बिघडू शकते. म्हणून रोजचं काम एक्सफॅटवर ठेवू नका, फक्त वाहतूक.

फॅट३२ नकोच. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. रात्रीच्या जागराचं स्टिरिओ रेकॉर्डिंग ३२ बिट फ्लोटवर लावून तुम्ही निवांत झालात, तर तीन तासांच्या जरा पुढं ते थांबतं. साध्या वेव्ह फाईलची मर्यादाही चार जीबीचीच आहे, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या फाईलसाठी आरएफ६४ चा पर्याय आहे का तेही बघून ठेवा.

पायरी ९: डिस्कला कायमचं नाव आणि अक्षर द्या

"काल सगळं वाजत होतं, आज सगळे सॅम्पल हरवले" असा फोन आला की मी पहिलं विचारतो: आधी पेन ड्राइव्ह लावला होता का? उत्तर बहुतेकदा "होय की".

विंडोज डिस्कला जे अक्षर रिकामं दिसेल ते देतं. काल ई होती, आज पेन ड्राइव्हनं ई घेतली, डिस्क एफ झाली. लायब्ररी मात्र ईवरच शोधली जाते. उपाय एका मिनिटाचा: डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्कवर उजवी क्लिक, "चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स", आणि शेवटाकडचं एखादं अक्षर द्या, एस किंवा टी. त्या कॉम्प्युटरवर ती मग तिथंच राहते. मॅकवर अक्षर नसतं, रस्ता डिस्कच्या नावावरून ठरतो. म्हणून एकदा ठेवलेलं नाव बदलू नका. डिस्क आणि फोल्डरांची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. काही सॅम्पलर आणि झिपची साधनं देवनागरी रस्त्यावर अजून ठेच खातात.

ही पायरी लायब्ररी बसवण्याच्या आधी करायची. नंतर केलीत तर प्रत्येक लायब्ररीला नवी जागा पुन्हा दाखवत बसावं लागतं.

याच वेळी झोप बंद करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ "नेव्हर" आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. मॅकवर "पुट हार्ड डिस्क्स टू स्लीप" ची खूण काढा. नाहीतर बुवा चहा घेऊन परत बसतात, तुम्ही लाल बटण दाबता, आणि डिस्क जागी होईपर्यंत पहिली ओळ गेलेली असते.

पायरी १०: काम हलवा, पण गोळा करून

नुसता प्रोजेक्टचा फोल्डर ओढून नव्या डिस्कवर टाकला की काम झालं असं वाटतं. त्यातले निम्मे आवाज डेस्कटॉपवर, काही डाउनलोडमध्ये, एखादा व्हॉट्सॲपवरून आलेला असतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सगळं गोळा करायची सोय आहे. रीपरमध्ये "सेव्ह प्रोजेक्ट ॲज" करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करण्याची खूण, एबलटनमध्ये "कलेक्ट ऑल अँड सेव्ह", क्यूबेसमध्ये "बॅकअप प्रोजेक्ट", एफएल स्टुडिओत झिप्ड लूप पॅकेज. ती वापरा.

कॉपी करताना पडताळणी करणारं साधन वापरा, विंडोजवर टेराकॉपीत ती सोय आहे. मग जुनी डिस्क काढून ठेवा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, आणि फक्त नव्या डिस्कवरून प्रोजेक्ट उघडा. जुनी लावलेली असताना उघडलंत तर सॉफ्टवेअर गुपचूप तिकडूनच फाईली उचलतं आणि तुम्हाला सगळं ठीक वाटतं.

*तपासा:* सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणं ऐकलं? एकही ट्रॅक "ऑफलाईन" नाही? मगच जुन्या जागचं पुसायचा विचार, आणि तोही पुढची पायरी झाल्यावर.

पायरी ११: दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात

एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्हीकडं ठेवलं म्हणजे दोन प्रती झाल्या, हा गैरसमज फार पसरलाय. डिस्क पडली की दोन्ही भाग एकदम पडतात. प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी. आणि ती डिस्क त्याच बॅगेत नको. माझी तिसरी प्रत निपाणीला बहिणीच्या घरी कपाटात असते, महिन्यातून एकदा जाणं होतंच.

कपाटातली डिस्क हार्ड डिस्क असू दे. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना ठेवली तर तिच्यातला साठा हळूहळू पुसट होऊ शकतो. पावसाळ्यात आपल्याकडं भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशी येते, तिथं डिस्क झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. थंड-दमट कपाटातून काढून लगेच लावू नका, तासभर खोलीत राहू द्या.

दर सहा महिन्यांनी प्रत्येक डिस्क लावून क्रिस्टलडिस्कइन्फो बघा, एक जुना प्रोजेक्ट उघडून ऐका. पेंडिंग सेक्टर शून्यावरून हलले की त्याच दिवशी नवी डिस्क. मी डिस्कच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तपासल्याची तारीख पेनानं लिहितो. पेन्सिलीनं लिहू नका, हात लागून पुसते.